मोटारीच्या टोपणावरचं पाखरू

जुनी मोटार बघायला आलेलं वऱ्हाडातलं गिऱ्हाईक आधी इंजिन बघत नसे, बसायची जागा बघे. आत किती माणसं बसतील, दाटीवाटीनं किती बसतील, टपावर किती पोती जातील, याचा हिशोब उभ्या उभ्या होई. अकोला-मूर्तिजापूर किंवा अकोला-पातूर सर्विस चालवायची तर तोच हिशोब बरोबर होता, आणि माझंही पोट त्याच हिशोबावर चाललं होतं. साहेबलोकांच्या, कापूसवाल्यांच्या थकलेल्या गाड्या घ्यायच्या, मागचं अंग कापून बाकडी ठोकायची आणि सर्विसवाल्यांच्या गळ्यात मारायच्या. अशा माणसानं दोघंच बसतील अशी, टप नसलेली, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी मोटार आणून उभी केली तेव्हा बाजार हसणारच. हसला.

मी त्यांना एकच विचारायचो, "शर्यतीच्या छकड्यात किती बसतात?"

"दोन."

"मंग छकड्याले काहून मरता? बंडीत त दहा बसतात."

यावर ते मान डोलवत. पण खिशातही कोणी हात घालत नसे.

माझं दुकान म्हणजे अकोल्याच्या कापसाच्या बाजाराबाहेर, एका जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून असलेलं निंबाचं झाड. झाड जिनाच्या मालकाचं, सावली त्याची, जमीनही त्याचीच. जिनाचा चौकीदार मनात आलं की यायचा आणि गाड्या हलवायला लावायचा. त्याच्या हाताखाली काही ठेवलं की पुढचे काही दिवस झाड माझं व्हायचं. आम्ही माळी. मोर्णा नदीच्या काठाला आमची वांगी-मेथीची वाडी होती. वडील गेल्यावर थोरल्या भावानं वाटणी केली, विहिरीजवळचं सगळं स्वतःकडे ठेवलं आणि जिथे कुदळ मारली की ठिणगी निघते तो तुकडा मला दिला. मी तो त्याच्या तोंडावर टाकून बाहेर पडलो. राग माझ्या नाकावर तेव्हाही होता, आजही आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. पायाखालची जमीन आपली पाहिजे, जिथून कोणी ऊठ म्हणणार नाही.

ती जमीन मिळायची वेळ या दोन माणसांच्या मोटारीमुळे आली होती.

अमरावतीचे एक वकील एका खटल्यासाठी अकोल्याला आले होते. गोरे, उंच, मूळ पुण्याकडचे, बोलणं असं धुतलेलं की त्यांच्यासमोर आपली भाषा मळकट वाटावी. त्यांची मोटार माझ्याकडे दुरुस्तीला आली. उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "अहो, इकडे एका पाटलांकडे हिरवी टू-सीटर होती. तिचं काय झालं?"

ती गाडी मला ठाऊक होती. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. बाळापूरच्या रस्त्याला एका गावात मोठे पाटील होते. कापूस सोन्यासारखा विकला गेला त्या एका वर्षी त्यांनी मुंबईहून ती मागवली. इंजिनावर चामड्याचे दोन पट्टे, मागे पाठीला बांधलेलं जादा चाक, सायकलीसारख्या तारांची चाकं आणि पुढे पाण्याच्या टाकीच्या टोपणावर पांढऱ्या धातूचं पाखरू, पंख मागे ओढलेलं, जणू वाऱ्यानं त्याचं अंग चापून बसवलं आहे. पाटील धोतर आवळून, पागोट्याला फडकं बांधून स्वतः चालवायचे. आता त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता आणि गाडी कडब्याच्या गंजीआड झाकून ठेवली होती.

वकील म्हणाले, "वकिलीच्या पहिल्या वर्षी चिखलदऱ्याच्या घाटात ती माझ्या टांग्याजवळून गेली. सगळा धुळीनं माखलो. पण तो पक्षी डोळ्यांपुढून जात नाही."

मी गिऱ्हाईक ओळखतो. माणूस भाव विचारतो तेव्हा त्याला वस्तू नको असते, सूट हवी असते. जो आठवण सांगतो त्याला वस्तू हवी असते. मी लगेच जागेचं बोललो. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर या वकिलांची बाभळींनी भरलेली पडीक जागा होती, कोणाच्या तरी मेहनतान्यात आलेली. त्यांना ती डोईजड झाली होती, हे मी ऐकून होतो. मला मात्र त्या रस्त्यानं उद्या किती मोटारी जाणार ते दिसत होतं. 

"गाडी मी आणतो, वकीलसाहेब. तुम्ही पैसे देऊ नका. ती जागा द्या."

ते हसले. थोडा विचार केला आणि म्हणाले, "गाडी पूर्ण हवी. मी पाहिली होती तशी. जागा तुमची."

माझ्याजवळ निंबाखाली उभ्या असलेल्या दोन गाड्या होत्या. दोन्ही पडत्या भावात फुंकल्या आणि पाटलांच्या गावाला गेलो.

पाटील ओसरीवर बसले होते. डोळे दुधाळ. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाले, "कोन आहे बे?"

"अकोल्याचा मोटारवाला, पाटील. हिरवी पाहाले आलो."

"पाहाले का न्याले?"

"पटलं त न्याले."

आधी त्यांनी मला गाडी दाखवली नाही, ऐकवली. त्यांच्या ड्रायव्हरनं कडबा बाजूला केला, हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि मग असं बोललं की गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले. पाटील मान एका बाजूला करून ऐकत होते. मी आयुष्यभर इंजिनं ऐकली. कोणतं पोटात दुखणं लपवतंय ते मला कळतं. हे काही लपवत नव्हतं.

भाव आमचा उपरण्याखाली झाला. वऱ्हाडात बैलाचा असो की कापसाचा, सौदा तोंडानं होत नाही. एकाचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचं आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. बाहेरच्यांना आकडा कळत नाही. आम्हाला मोटारीसाठी वेगळी रीत ठाऊक नव्हती. पाटलांची बोटं म्हातारी होती पण भाव करताना कापत नव्हती. मी चार वेळा हात झटकून उठलो, चार वेळा बसलो. ओसरीवरची माणसं उपरण्याकडे बघून हसत होती. शेवटी पाटलांनी माझा सगळा पंजा दाबून धरला, उपरणं उचललं, झालं. आकडा मी तेव्हा कोणाला सांगितला नाही, आताही सांगत नाही. माझ्याजवळचं सगळं त्यात गेलं, एवढं पुरे.

सौदा पक्का झाल्याचा गुळाचा खडा तोंडात टाकेपर्यंत ड्रायव्हरनं टाकीवरचं पाखराचं टोपण फिरवून काढलं आणि पाटलांच्या हातात दिलं.

"हे काहून?" मी विचारलं.

"दावं ठेवून राहिलो," पाटील म्हणाले. "आमच्या घरून जनावर जाते, दावं जात नाही."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. जुनं दावं घरच्या खुंटीवर राहतं, म्हणजे गोठ्याची बरकत बैलामागे निघून जात नाही. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण मोटारीला?

"मोटार आहे ना पाटील. हंबरत नाही थे."

"चालोव त खरी. मंग पाहाय हंबरते का नाही."

सगळे हसले. मीही हसलो. टोपणच ते, दुसरं बसवता येईल असं मला वाटलं. सगळी उमर मी गाडीचा भाव बसायच्या जागेवर आणि ओढायच्या ताकदीवर ठरवला होता. टोपणाचं काम पाणी उकळून बाहेर येऊ न देणं. अकोल्याला एका कारागिराकडून पितळेचं साधं टोपण आटे पाडून घेतलं, घट्ट बसलं, थेंब गळला नाही.

अमरावतीला गाडी मी स्वतः नेली. त्या दिवसाएवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त स्टिअरिंगला हात लावू दे म्हणाला. बडनेऱ्याच्या पुढे ती बाभळीची जागा आली. मी गाडी थांबवली, उतरलो, काटे चुकवत मधोमध जाऊन उभा राहिलो. शेड कुठे घालायची, गाडीखाली शिरायचा खड्डा कुठे खणायचा, पाटी कोणत्या तोंडाला लावायची, सगळं पायानं मोजून ठेवलं.

वकिलांचा बंगला कँपात होता. ते बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली. पट्ट्यांवरून हात फिरवला, चाकाच्या तारा बोटानं वाजवल्या. पुढे आले आणि थांबले.

"पक्षी?"

मी सगळं सांगितलं. पाटील, दावं, रीत. 

"छान आहे रीत," ते म्हणाले. "पण मी पूर्ण गाडी म्हटलं होतं."

"साहेब, टोपणानं गाडी चालत नाही. इंजिन ऐका."

"इंजिन माझ्या मोटारीलाही आहे. तुम्ही पक्षी घेऊन या. जागा कुठे पळून जात नाही."

मी गाडी तशीच वळवली आणि पाटलांच्या गावाला आणली. पाटील त्याच ओसरीवर होते. आवाजावरून गाडी ओळखली आणि तोंड उजळलं. मी काय म्हणून आलो ते ऐकल्यावर पुन्हा विझलं.

"पाटील, थे टोपन गाडीचंच आहे."

"दावं बी बैलाच्याच गळ्यात असते."

"बैलाले बाजारात दुसरं दावं भेटते. हे पाखरू विलायतचं आहे, मले कोठून भेटन?"

"थे तुह्यं पाहाय."

"माही जागा अडकून राहिली ना! माह्या पोटावर काहून पाय देता?"

त्यांच्या मांडीवर ते पाखरू होतं. अंगठा पंखांवरून मागे मागे फिरत होता. मग म्हणाले, "तुह्या बापानं कधी बैल इकला का नाही?"

"इकला."

"दावं देल्लं?"

आमच्या वाडीच्या झोपडीत मोटेच्या बैलांची दावी लटकलेली होती, काळी, घामानं कडक झालेली. एक बैल विकून परत येताना वडिलांनी दावं खांद्यावर टाकलं होतं आणि बाजारापासून घरापर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. भावानं वाटणीत विहीर घेतली, ती दावीही घेतली. दावी नेल्याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता. हे पाटलांना मी का सांगू?

"गाडी वापस ठेव," पाटील म्हणाले. "तुहे पैसे घेऊन जाय. मी नाही म्हनत नाही."

मला पैसे नको होते, जमीन हवी होती. मी नको ते बोललो. आंधळ्याला पाखरू कशाला, असं बोललो. ड्रायव्हर पुढे आला. पाटलांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज जिथून येत होता तिकडे, तोंड करून म्हणाले, "जाय आता. उन्ह होऊन राहिलं."

मग मी एका ओताऱ्याकडून पाखरू ओतून घेतलं. मूर्ती आणि घंटा ओतणारा चांगला माणूस होता. त्यानं मी सांगितलं तसं केलं, पण मी काय सांगणार? पंख मागे, मान पुढे. कल्हई करून, घासून लखलखीत केलं. टोपणावर बसवलं तेव्हा निंबाखाली जमलेल्यांनी वाहवा केली.

अमरावतीला वकिलांनी ओट्यावरूनच बघितलं. खाली उतरले नाहीत. त्यांच्याबरोबर कोर्टातले आणखी दोघं चहा पीत होते.

"अहो, ही कोंबडी कोणाची?" वकील म्हणाले. "अंड्यांवरून उठवून आणलीत वाटतं."

दोघांच्या कपातला चहा हिंदकळला. आज मी म्हातारा झालो, पण ते हसणं मला जसंच्या तसं ऐकू येतं. वकिलांनी एवढंच म्हटलं असतं की थोडी जागा कमी करू, तर मी भाव केला असता. भाव करणं हा माझा धंदा. पण हसणाऱ्याशी भाव होत नाही. मी ते पाखरू फिरवून काढलं आणि त्यांच्या जास्वंदीच्या आळ्यात फेकून दिलं.

"जमीन आपल्या उरावर ठेवा," म्हणालो. टाकीचं तोंड उघडं ठेवून गाडी सुरू केली. नांदगाव पेठेच्या उलट्या वाटेला लागलो, कारण रागात वळण चुकलं. पाणी उकळून काचेवर उडत होतं. रस्त्याच्या कडेला गाडी थंड व्हायची वाट बघत बसलो तेव्हा मला कळलं की बडनेऱ्याचा रस्ता माझ्यापुरता संपला.

आता पुष्कळ जण म्हणतात, राग गिळायचा होता. मी म्हणतो, वकिलाचा जीव त्या पाखरात होता की जागेवरून मन फिरलं होतं, हे कोण सांगणार? पुढे त्याच जागेवर त्यांनी पेट्रोलचा पंप लावू दिला आणि दर महिन्याला भाडं घेतलं. रस्त्यानं किती मोटारी जाणार, हे त्यांना कोणी सांगितलं? मीच सांगितलं होतं, जागा मागताना, शहाणपणा दाखवत. हा दंश माझा जात नाही.

मग दुसरी मोठी लढाई लागली. पेट्रोल कुपनावर गेलं. सर्विसवाल्यांनी मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसवर इंजिन चालवायच्या भट्ट्या बसवल्या आणि धूर ओकत का होईना, त्यांच्या गाड्या चालू राहिल्या. जुन्या मोठ्या मोटारीला नव्यापेक्षा जास्त किंमत आली. ज्या दोन गाड्या मी फुंकल्या होत्या, त्या घेणाऱ्यानं त्या काळात घर बांधलं. हिरव्या गाडीला भट्टी कुठे बसवणार? मागे जादा चाक लटकवायलाच काय ती जागा. ती निंबाखाली उभी राहिली. लोक बघायला यायचे, हे खरं. बघायला इतके यायचे की चौकीदार त्या गर्दीबद्दलही पैसे मागू लागला. कोणी आत बसून स्टिअरिंग फिरवे, कोणी तोंडानं इंजिनाचा आवाज काढे. घरी जाताना प्रत्येक जण म्हणायचा, काय गाडी आहे! पण भाव विचारायला कोणी थांबत नसे. जिच्यावर माणसं जीव टाकतात ती वस्तू अडचणीच्या काळात सगळ्यात आधी बिनभावाची होते, हे मी तेव्हा शिकलो.

लढाई चालू असतानाच पाटील गेले. मी दुखवट्याला बसायला गेलो. रीत म्हणून गेलो, मनातून राग होताच. परत निघताना गोठ्यावरून जावं लागलं. खुंट्यांवर दावी लटकत होती आणि त्यांच्यामध्ये तारेनं बांधून ते पाखरू. त्यावर धूळ होती, पण पंखांवर नव्हती. पंख अंगठ्यानं घासून गुळगुळीत झाले होते.

पाटलांची सून मागून आली. "तुमालेच पायजे होतं ना थे? मामंजी म्हनत होते, थो माळी येईन एक दिवस. घेऊन जा."

"आता काय करू?" मी म्हणालो.

"मले काय माहीत बापा. तुमचं होतं म्हून म्हनलं."

मी नेलं नाही. पेट्रोल नव्हतं, जागा नव्हती, नुसतं पाखरू घेऊन कोणाला दाखवायचं? बाहेर येऊन फाटकाला लाथ मारली. दुसरं काही करता आलं नाही.

शेवटी बार्शीटाकळीकडचा एक शेतकरी आला. त्याला बैलांच्या दमणीला बसवायला तारांची रबरी चाकं हवी होती, मुलीच्या लग्नाची वरात न्यायला. इंजिन मी भंगारात देईन म्हणाला. उपरणं त्यानंच आपल्या खांद्यावरून काढलं. मी हात आत घातला. त्यानं पहिल्यांदा जे बोट दाबलं, तेच मी कबूल केलं. तो बिचारा गोंधळला. पुढे भाव करायच्या तयारीत आला होता.

गाडी ओढून न्यायला त्यानं बैलजोडी आणली होती, आणि दोरही. रीतीप्रमाणे स्वतःचा, नवा, अंबाडीचा. दोर बांधता बांधता त्याची नजर टाकीवर गेली. "याच्यावर त पाखरू होतं ना हो? मी लहानपनी पाह्यलं होतं."

"होतं," मी म्हणालो.

बैल ओढतील, पण चाकं वळवायला कोणीतरी आत बसायला हवं. त्यांच्यातल्या कोणाला ते येत नव्हतं. मीच बसलो. मांडीत स्टिअरिंग धरून, बैलांच्या पावलांनी, सगळ्या बाजारातून. इंजिन बंद होतं, म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घाटी स्पष्ट वाजत होत्या. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. सुरुवातीला कोणीतरी "छकड्यात किती बसतात?" असं ओरडलं आणि हशा झाला. पुढे कोणी हसलं नाही. नाक्यापुढे रस्ता सरळ होता. तिथे मी उतरलो, शेतकऱ्याबरोबर आलेल्या त्याच्या भावाला बसवलं आणि स्टिअरिंग कसं धरायचं ते एकदा दाखवलं. 

परत आलो तेव्हा निंबाखाली तेलाचा काळा डाग तेवढा होता. चौकीदार त्याच्यावर उभा होता.

"जागा मोकळी झाली," तो म्हणाला. "मालक म्हनून राहिले, आता दुसऱ्याले देतो."

मी माझी हत्यारांची पेटी उचलली.